तीन नंबरच्या खोलीचा वरवंटा

भाडेकरू खोली सोडताना काय काय नेतो, हे अख्ख्या बारामतीत प्रयागबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बल्ब तर सगळेच नेतात, त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण एकानं बल्बाबरोबर होल्डर नेला, होल्डरबरोबर वायर नेली आणि वायर ओढताना सुटलेली लाकडी पट्टीही नेली. दुसऱ्यानं न्हाणीतल्या नळाची तोटी काढून तिथं चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकली, ती इतकी बेमालूम की तीन दिवस पत्ता लागला नाही. एका कंपाउंडरनं दारातली तुळस कुंडीसकट नेली, आणि रस्त्यात गाठल्यावर वर तोंड करून म्हणाला, "पाणी आमीच घालत व्हतो न्हवं?" आणि एक मास्तर होते, सकाळ-संध्याकाळ पोथी वाचणारे, मुंगीलासुद्धा वाट देणारे. त्यांनी जाताना खिडकीचं एक दार नेलं. एकच. दुसरं का ठेवलं, या कोड्यानं प्रयागबाईला वर्षानुवर्षं छळलं.

"न्यायचं तर दोनी न्यावं की मुडद्यानं!" ती म्हणायची. "एका दारानं त्याचं काय भागलं, आन् एका दारानं माझं काय व्हायचं?"

प्रयागबाईचं माहेर मोरगावकडचं, धनगराच्या घरचं. लग्नानंतर मालकांच्या मागं दीडशे मेंढरं घेऊन तिनं वीस-बावीस वर्षं रानोमाळ काढली. पुढं बारामतीला एमआयडीसी आली, माळ कुंपणांत गेले, चरायला रान उरलं नाही. मालकांनी मेंढरं विकली आणि गावाबाहेरच्या तुकड्यावर पत्र्याच्या पाच खोल्या बांधल्या. शेवटच्या खोलीवर पत्रे चढले त्याच महिन्यात मालक गेले. राहिली प्रयागबाई, मुलगा झुंबर आणि पाच खोल्या. झुंबर एका कारखान्यात लेथवर लागला. खोल्या राखायचं काम आईकडं आलं, आणि राखायचं म्हटल्यावर तिला एकच पद्धत ठाऊक होती.

मेंढरं राखणारा माणूस ती आकड्यानं मोजत नाही. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभं राहायचं आणि एकेक आत येताना तोंड ओळखायचं. जे आलं नाही त्याची जागा डोळ्याला आपोआप टोचते. अशा दोन-चार चोऱ्या झाल्यावर प्रयागबाई खोली तशीच तपासायला लागली. सामान टेम्पोत चढलं की ही रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहायची आणि कडी, कोयंडा, खुंटी, तोटी, फळी, सगळ्यांची तोंडं ओळखायची. तोवर टेम्पो जागचा हलायचा नाही, कारण टेम्पोच्या पुढं झुंबरची सायकल आडवी घातलेली असायची.

शिवाय तिचा गेरू होता. पूर्वी तिच्या मेंढरांच्या मानेमागं गेरूचा तांबडा ठिपका असायचा. कळपात कळप मिसळला तरी आपलं मेंढरू ठिपक्यावरून काढता यायचं, आणि मेंढरू विकलं की ठिपका पुसून मगच दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती. मेंढरं गेली तरी तिचा हात काही थांबला नाही. तोट्यांवर, कड्यांवर, फळ्यांच्या मागं, बल्बाच्या पितळी बुडाला, सगळीकडं तिनं ठिपके दिले. भाडेकरू हसायचे. पण एकदा पलीकडच्या आळीत हळदीकुंकवाला गेली असताना परक्याच्या न्हाणीत तिला आपल्या ठिपक्याची तोटी दिसली. ही बया घरी आली, पाना घेऊन परत गेली आणि वाहत्या पाण्यात तोटी काढून घेऊन आली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

आता वरवंट्याचं सांगायचं.

प्रयागबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला तिच्या सासऱ्यानं कऱ्हेच्या पात्रातला एक काळा धोंडा खांद्यावरून आणला आणि वडाऱ्याकडून त्याचा वरवंटा घडवून घेतला. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, हे तर घरोघर चालतं. त्याला धुवायचं, हळदकुंकू लावायचं, टोपरं घालायचं, पाळण्याच्या खालून-वरून या बाईच्या हातून त्या बाईच्या हाती द्यायचं आणि पाळण्यात निजवायचं. बाळाची पाळी त्याच्यानंतर. दुसऱ्या दिवशी त्याच वरवंट्यानं लसणाची चटणी वाटतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण प्रयागबाईचा झुंबर जगला. तो त्या वरवंट्यामुळंच जगला, यात तिला तिळाएवढी शंका नव्हती. पाळण्यावर जे काही चालून येतं ते आधी थोरल्यावर येतं, आणि थोरला धोंड्याचा असला की ते तिथंच आपटून परत जातं, असा तिचा साधा हिशेब होता.

झुंबरचं लग्न झालं आणि सुनेच्या, रंजनाच्या, आंदणात मिक्सर आला. पाटा-वरवंटा अडगळ झाला, तेव्हा प्रयागबाईनं तो तीन नंबरच्या खोलीत दिला. तिथं भिमा आणि सगुणा हे वालचंदनगरजवळच्या कळंबचं जोडपं राहायचं. भिमा कारखान्यात पॅकिंगला होता. सगुणाचं वय बावीस, आणि तिचीही दोन लेकरं गेलेली, एक नवव्या दिवशी, एक सव्वा महिन्यानं. तिसरा मुलगा याच खोलीत असताना झाला. एवढ्याशा जिवाचं नाव ठेवलं शंभूराज.

बारशाला प्रयागबाईनं स्वतःच्या हातानं वरवंट्याला टोपरं बांधलं आणि सगुणाला म्हणाली, "हा आता तुझ्या लेकाचा थोरला भाऊ. थोरल्यानं झेललं की धाकट्याला लागत न्हाय. ह्याला कधी नजरंआड करू नगंस."

आता हे ती पाचही खोल्यांतल्या प्रत्येक बारशाला म्हणत आली होती. बायका माना हलवायच्या, घुगऱ्या ओटीत घ्यायच्या आणि विसरून जायच्या. सगुणा विसरली नाही.

दीड वर्षानं, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, प्रयागबाई मोरगावला भावाच्या नातवाच्या जावळाला गेली. दोन दिवसांनी एस.टी.तून उतरून घरी आली तर तीन नंबरला कुलूप. भिमाच्या बापानं ऊस लावला होता, हाताखाली माणूस पाहिजे होतं, म्हणून दोघं नोकरी सोडून गावी गेली, असं झुंबरनं सांगितलं. भाडं चुकतं केलं होतं, किल्ली दिली होती, पाया पडून गेली होती.

"खोली तपासलीस का?"

"आयं, सगुणा वैनी हाय ती. तिची काय खोली तपासायची?"

प्रयागबाईनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. कुलूप काढून उंबऱ्यावर उभी राहिली. जमीन सारवलेली. भिंतींना खालून चुना दिलेला. तोटी, कडी, खुंटी, फळी जागच्या जागी. बल्बसुद्धा होता! जन्मात पहिल्यांदा भाडेकरूनं बल्ब ठेवला होता. ती जरा सैल झाली, आणि मग कोपऱ्यातल्या पाट्यावर नजर गेली. पाट्यावर एक नारळ होता, एक नवा खण होता, हळदकुंकू होतं. वरवंटा नव्हता.

एक नंबरच्या खोलीतली कुशाबाई, जिला दुसऱ्याच्या घरातलं काही उणं झालं की आपसूक कळायचं, ती येऊन दारात हसली. "पाटा ठिवून वरवंटा न्हेला? त्या मास्तराची भन दिसतीया!"

सगळी आळी हसली. झुंबरही हसला. प्रयागबाई मात्र हसली नाही, कारण घरात रंजनाला आठवा महिना लागला होता. आदल्या वर्षीचं तिचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं होतं, बारसं व्हायच्या आधीच. तेव्हापासून रंजना पाळण्याकडं बघायची नाही, आणि प्रयागबाई वर्षभर मनात एकच गोष्ट धरून होती: यंदा बारसं होणार, आणि बारशाला आपला वरवंटा पहिला पाळण्यात जाणार. तो नाही म्हटल्यावर ती तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसली.

"आयं, वरवंट्याला काय तोटा हाय?" झुंबर म्हणाला. "बाजारातनं नवा आणू."

"कोऱ्या धोंड्यावर काय भरोसा ठिवायचा? त्यानं काय झेललंय आजवर?"

"आन् धोंड्यापायी तू कळंबला जाणार? एस.टी.चं तिकीट काढून?"

"तुझ्याच पायी जाते, गाढवा. तू कुणाच्या जिवावर उभा हाईस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वालचंदनगरची एस.टी. धरली. गाळपाचा हंगाम संपला होता, उसाच्या बैलगाड्या नव्हत्या, रस्ता मोकळा होता. तासाभरात पोचली. वाटेत तिनं काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं, शिव्यांसकट.

भिमाचं घर मळ्यात होतं. भिमा पाणी धरायला गेलेला. लिंबाच्या सावलीत सगुणा शेंगा फोडत बसली होती, आणि पुढ्यात गोधडीवर शंभूराज बसला होता. शेजारी वरवंटा, डोक्यात तेच बारशाचं टोपरं, मळून काळं झालेलं. पोरगं भाकरीचा तुकडा आपण चावायचं आणि उरलेला वरवंट्याच्या टोपऱ्यात कोंबायचं.

सगुणा घाबरली नाही. उठली, पाया पडली, पाण्याचा तांब्या आणला. "मला वाटलंच, मावशी, तुमी यणार. त्याला घास दिल्याबिगर हा जेवत न्हाय बघा."

एवढ्यानं प्रयागबाई निम्म्या शिव्या विसरली. उरलेल्या तिनं गोळा केल्या. "सगुणे, पाच खोल्यांत लई चोर बघितले म्या. पर जमीन सारवून, नारळ ठिवून चोरी करणारी तूच पयली."

"चोरी कशाची? तुमीच म्हणला व्हता की."

"मी? मी काय म्हणलं व्हतं?"

"हा तुझ्या लेकाचा थोरला भाऊ. थोरल्यानं झेललं की धाकट्याला लागत न्हाय. ह्याला कधी नजरंआड करू नगंस." सगुणानं एक अक्षर चुकू न देता म्हणून दाखवलं.

"अगं बया! ते बारशात म्हणायचं आसतं! समद्यांनाच म्हणते मी."

"समद्यांची लेकरं जगत्यात, मावशी. माझी न्हाय जगत."

प्रयागबाई पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. "मग तोंडानं मागायचा व्हतास."

"मागितला आसता तर दिला आसता तुमी?"

खोटं बोलायची प्रयागबाईला सवय नव्हती. "नसता दिला," ती म्हणाली.

"म्हणूनशान न्हाय मागितला. म्हणलं, धोंडा म्हणून न्यायचा न्हाय, माणूस म्हणून न्यायचा. घरचं माणूस न्हेताना ओटी ठिवत्यात, तशी ठिवली."

मग प्रयागबाईनं आपलं सांगितलं. रंजनाचा आठवा महिना, मागच्या वर्षीचं तिसऱ्या दिवसाचं, बारशाचं. सगुणा ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर उठली, वरवंट्याचं टोपरं सोडलं, पदरानं त्याला पुसलं आणि दोन्ही हातांवर धरून पुढं केला.

"न्या, मावशी. तुमचाच हाय. पर एवढं सांगून जावा. ह्याचा थोरला न्हेल्यावर ह्याच्यावर आलेलं कुणी झेलायचं?"

'अगं, धोंडाच तो, त्यानं काय हुतंय' असं प्रयागबाईनं म्हणावं, तर मग आपण एस.टी.चं तिकीट काढून कशाला आलो? आणि धोंडा नव्हे म्हणावं, तर दीड वर्षाच्या पोराच्या उशाचा भाऊ उचलून न्यायचा कुठल्या तोंडानं? तिनं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. सगुणा वरवंटा धरून तशीच उभी होती. शंभूराज टोपरं तोंडात घालून वर बघत होता.

तिनं वरवंटा घेतला, मांडीवर ठेवला. त्याच्या बुडाला तिच्याच हातचा गेरूचा ठिपका होता. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि तो ठिपका घासून घासून पुसला. मग वरवंटा उचलून गोधडीवर पोराच्या शेजारी ठेवला.

"चहा टाक," ती म्हणाली. "साखर जरा जास्त घाल. ऊन लागलंय मला."

घरी येऊन तिनं सांगितलं की भिमानं घर बदललंय, पत्ता लागला नाही. खोटं बोलायची ती सुरुवात होती, त्यामुळं ती नीट जमली नाही. पण झुंबरनं फार खोदून विचारलं नाही.

रिकाम्या तीन नंबरला पंधरा दिवसांत नवं जोडपं आलं. मेघना सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिचा नवरा बुद्धघोष पोस्टात होता. गाव पळसदेव. त्याआधी दोन घरमालकांनी आडनाव विचारून, जागा भरली म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. प्रयागबाईनं आडनाव विचारलं नाही. तिनं विचारलं, "बल्ब माझा हाय, ठिपक्याचा. जाताना न्हेणार तर न्हाय?"

"नाही नेणार, मावशी," मेघना हसून म्हणाली.

मेघनाच्या लग्नात आलेला मिक्सर अजून खोक्यातच होता. बुद्धघोषला चटणी लागायची ती पाट्यावरचीच. त्याची आई पळसदेवहून धरणाच्या पाण्यातली मासळी सुकवून पाठवायची, आणि मेघना दवाखान्यातून आली की पाट्यावर मिरची-लसूण वाटायला बसायची. पाटा-वरवंटाही सासरकडूनच आलेला. पाचही खोल्यांत रोज चालणारा वरवंटा तेवढाच उरला होता.

महिन्याभरानं रंजना बाळंत झाली. भल्या सकाळी, सरकारी दवाखान्यात, मेघना कामावर असताना. मुलगी झाली. नाळ बाळाच्या गळ्याला वेढलेली होती, ती मेघनाच्या हातांनी सोडवली. तिसरा दिवस उजाडला तेव्हा प्रयागबाईनं सकाळपासून अन्न घेतलं नाही. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. दहाव्या दिवशी ती तीन नंबरच्या दारात येऊन उभी राहिली आणि चौकटीवरचा ठिपका नखानं खरवडायला लागली.

"काय झालं, मावशी? बाळ बरं आहे ना?"

"बरं हाय." मग एका दमात, "तुझा वरवंटा दोन दिस देशील का? बारशाला. रोज चालणाराच लागतो. बसून ऱ्हायलेला धोंडा काय राखण करणार?"

"आमच्यात बुद्धवंदना घेतात, हे वरवंट्याचं नसतं काही," मेघना म्हणाली. "पण न्या की. त्याला काय विचारायचं!"

बारशाला कुशाबाईनं पाळण्याखालून वरवंटा हातात घेतला आणि नाक मुरडत हळूच विचारलं, "कुणाच्या घरचा गं ह्यो?"

कुणाच्या घरचा हे तिला पक्कं माहीत होतं. प्रयागबाईनं आवाज मुळीच खाली घेतला नाही. "ज्या हातानं माझ्या नातीच्या गळ्याचा फास काढला, त्या घरचा हाय. तुला जड हुत आसंल तर दे हिकडं."

कुशाबाईनं मुकाट्यानं वरवंटा पुढं दिला. मुलीचं नाव ठेवलं गौरी, पण सगळे तिला छकुलीच म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईनं वरवंटा धुऊन, तेल लावून परत केला. व्यवहार तिथं संपायला हवा होता. पण रोज संध्याकाळी ती काही ना काही निमित्तानं तीन नंबरमध्ये जायला लागली. कधी हिंग मागायला, कधी घड्याळात किती वाजले विचारायला. बोलता बोलता डोळा कोपऱ्याकडं. वरवंटा जागेवर दिसला की परत. मेघनाच्या हे चार दिवसांत ध्यानात आलं. छकुलीचे डोस, टोचण्या सगळं मेघनाच वेळच्या वेळी करायची. एकदा ती म्हणाली, "मावशी, पोरगी चांगली आहे ती डोसांमुळं. वरवंट्यामुळं नाही."

"दोनी करू की. तुझं काय जातंय?"

वर्ष-सव्वा वर्ष असंच गेलं. छकुली चालायला लागली. आणि मेघनाची बदली इंदापूरला झाली.

आठ दिवस आधी कळलं होतं. आठही दिवस प्रयागबाई तीन नंबरच्या दारात येऊन परत गेली. मागावा, असं रोज ठरवायची. पण जिनं जन्मभर साऱ्या गल्लीला ऐकवलं की भाडेकरूची जात चोर, तिनं भाडेकरूकडं हात पसरायचा कसा? आणि मेघना 'नाही' म्हणाली तर? मग तर सगळंच संपलं. सगुणानं का मागितला नव्हता, ते तिला आता, वर्षभरानं, पोटातून कळलं. मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणता येतं.

टेम्पो आला. बुद्धघोष आणि झुंबर खाटेला हात लावत होते, मेघना पाणी भरून ठेवलेली पिंपं उपडी करत होती. बाहेर ओट्यावर बुट्टी होती, वर पोतं टाकलेलं, आत वरवंटा. पाटा आधीच टेम्पोत गेला होता. प्रयागबाईनं इकडं-तिकडं पाहिलं. वयाच्या साठाव्या वर्षी ती पहिल्यांदाच भाडेकरूच्या सामानाला हात घालत होती. पदराखाली जो नेला तो वरवंटा होता, आणि पदराखालून जो आणला तो नारळ होता. खणही होता. पोतं होतं तसं वर सारलं.

सामान चढलं. मेघनानं शेवटी बुट्टी उचलली. नर्स बाई, रोज बाळं उचलून वजनं सांगणारी. बुट्टी हातात आल्याबरोबर ती थांबली. पोत्याचं टोक जरासं वर केलं, आत पाहिलं आणि पोतं परत खाली सोडलं. मग तिनं प्रयागबाईकडं पाहिलं. प्रयागबाई लांबवर रस्त्याकडं बघत होती. रस्त्यावर काहीच नव्हतं.

"मावशी," मेघना म्हणाली, "खोली तपासायची राहिली."

"आसू दे."

"झुंबरदादांची सायकल आडवी नाही घातली आज?"

"आसू दे म्हणलं न्हवं!" प्रयागबाई खेकसली. "उन्हाच्या आत पोचा. जावा आता."

काही राहिलं का बघते, म्हणून मेघना एकदा आत जाऊन आली, आणि टेम्पो गेला. तीन नंबरला तिनं न बघताच कुलूप घातलं. वरवंटा घरात आणला, छकुलीच्या गोधडीवर ठेवला, पण गेरूची वाटी काही तिनं फळीवरून काढली नाही. ठिपका आपल्या मालाला द्यायचा असतो. लोकांच्या मालाला कसा द्यायचा? आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. कुणी दारात आलं की ती आधी वरवंट्यावर पदर टाकायची.

नवव्या दिवशी इंदापूरहून कार्ड आलं. झुंबर कामावरून येताना वाचत वाचतच घरात शिरला.

"आयं, मेघनाताईचं हाय. ऐक. 'मावशी, सुखरूप पोचलो. बुट्टीतला नारळ मिळाला. खण मला आवडला, शिवायला टाकला आहे. नारळाची चटणी केली, खोक्यातला मिक्सर काढून. यांना आवडली नाही, पण सवय होईल. तिकडं थोरला आणि धाकटी दोघंही जपा. एक चूक झाली, ती पोटात घाला. तुम्ही खोली तपासली नाहीत, म्हणून तुमचा ठिपक्याचा बल्ब आम्ही घेऊन आलो आहोत.'" झुंबरनं कार्ड उलटंसुलटं केलं. "थोरला कोण, आयं? आन् कसला नारळ?"

प्रयागबाई किल्ली घेऊन तीन नंबरकडं गेली, कुलूप काढलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. तोटी होती, कडी होती, खुंटी होती, फळी होती. वर पाहिलं तर होल्डर रिकामा.

ती बराच वेळ त्या रिकाम्या होल्डरकडं बघत हसत होती, आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे पुसले. मग घरी येऊन फळीवरची वाटी काढली, गेरू भिजवला, आणि छकुलीच्या गोधडीवरून वरवंटा उचलून त्याच्या बुडाला ठिपका दिला.